पिकअप रुतली ती अरुंद टायरामुळे नव्हे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात पान तीनवर एक फोटो आला होता. तापीकाठच्या शेतरस्त्यावर केळीनं भरलेली पिकअप मागच्या चाकांवर बसलेली, आणि बाजूला चार माणसं कमरेवर हात ठेवून उभी. खाली ओळ होती, 'अरुंद टायरांमुळे वाहन फसले, रुंद टायर बसविण्याची गरज.' त्या चार माणसांत डावीकडून दुसरा, डोक्याला उपरणं बांधलेला, तो मी. गाडी माझी नव्हती, मी मदतीला गेलो होतो. रुंद टायरची गरज आमच्यापैकी कुणीही बोलून दाखवली नव्हती. त्या वेळी आम्हाला फक्त ट्रॅक्टरची गरज होती आणि तो येत नव्हता.

हे पत्र मी लिहिलंही नसतं. पण दुसऱ्याच दिवशी पुतण्या मोबाइलवर तो फोटो घेऊन घरी आला. "काका, बघा, आता तर पेपरातच छापून आलं." गावातल्या आणखी दोघांनी टायरच्या दुकानात भाव विचारून ठेवलेत. तेव्हा म्हटलं, आता लिहायलाच पाहिजे. हा धडा मी स्वतःच्या पैशानं शिकलो आहे.

मी रावेर तालुक्यातला. वीसेक वर्षं केळीची वाहतूक करतो. आधी दुसऱ्याच्या गाडीवर होतो, २०१६ पासून स्वतःची पिकअप आहे. मळ्यातून घड उचलायचे आणि सावद्याला रेल्वेची रॅक लागली असेल तर तिकडे, नाहीतर व्यापाऱ्याच्या वखारीला पोचवायचे. केळीची मृगबाग असो की कांदेबाग (लागवडीचे हे दोन हंगाम), काम तेच. गाडीला कंपनीकडून आलेले टायर होते २१५/७५ आर १५. हे आकडे वाचायला मी फार उशिरा शिकलो. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिलीमीटरमध्ये, ७५ म्हणजे त्या रुंदीच्या पाऊणपट टायरची बाजू उंच, आणि १५ म्हणजे रिम पंधरा इंची.

२०२१ साली ते टायर गुळगुळीत झाले. नियमानं खाच १.६ मिलीमीटरपेक्षा कमी चालत नाही, माझी तर काडेपेटीची काडी आडवी बसली नसती. हायवेवरच्या एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, माणूस स्वभावानं चांगला आहे, चहाही पाजतो. तो म्हणाला, "भाऊ, तेच काय परत टाकता? २३५/७५ टाका. याच रिमवर बसतो. वीस मिलीमीटर रुंद, गाडी जमीन धरून चालेल, चिखलात बघायचं कामच नाही." मी गाडीकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू, मलाही मोह झाला. चार टायर घेतले. घरी आल्यावर बायको म्हणाली, गाडीनं नवीन बूट घातले का?

पहिला फटका बसला तो मीटरचा. मी काही व्यापाऱ्यांकडून किलोमीटरनं भाडं घेतो. महिन्याच्या शेवटी हिशेब करताना किलोमीटर कमीच भरायचे. त्याच फेऱ्या, तीच गावं, आणि आकडा लहान. आधी वाटलं मीटरची वायर गेली. शेवटी भुसावळला शिकणाऱ्या मुलानं कागदावर गणित करून दाखवलं. जुन्या टायरचा व्यास ७०३ मिलीमीटर आणि वर थोडा, नव्याचा ७३३ आणि वर थोडा. चाक मोठं झालं, एका फेऱ्यात जास्त जमीन काटू लागलं, पण मीटर जुन्याच चाकाचे फेरे मोजत होता. गाडी खरी हजार किलोमीटर पळाली की मीटरवर दिसायचे ९५९. अठरा रुपयांच्या दरानं हजारामागे सातशे-साडेसातशे रुपये मी स्वतःच्या हातानं व्यापाऱ्याला सोडत होतो. रुंद टायरची ही बाब त्या दुकानात कुणी सांगत नाही. कारवाल्याला फरक पडत नाही, भाडेवाल्याला पडतो.

ॲव्हरेजही उतरलं. जुन्या टायरवर भरून-रिकामं मिळून तेरा पडायचं, ते मीटरप्रमाणे अकराच्या आसपास आलं. त्यात थोडा दोष मीटरचाच, पण सगळा नाही. टायर जड होता, वर हवा कमी चालत होती. त्या हवेवर आता येतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

टायरच्या बाजूवर मापाच्या पुढे आणखी एक आकडा असतो. तो वजनाचा. माझ्या जुन्या टायरवर १०६ होता आणि तिरपी रेघ देऊन पुढे दुसरा. पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. १०६ म्हणजे ते एक चाक ९५० किलो पेलणार. जुन्या टायरवर मापाच्या आधी इंग्रजीत 'एलटी' ही अक्षरंही होती, म्हणजे हलक्या मालट्रकचा टायर. त्यात ६५ पीएसआयपर्यंत हवा भरता यायची (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप, हवेचे पुढचे आकडेही त्यातलेच). नव्या रुंद टायरवर आकडा होता १०५, म्हणजे ९२५ किलो. आणि बाजूवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, ४४ च्या वर हवा भरू नका. तो माणसं नेणाऱ्या गाडीचा टायर होता. म्हणजे साहेब, मी जास्त पैसे देऊन वीस मिलीमीटर रुंद टायर घेतला आणि तो जुन्यापेक्षा पंचवीस किलो कमी उचलत होता. टायर जेवढा रुंद तेवढा ताकदीचा असं आपल्याकडे सगळे धरून चालतात, मीही चाललो.

पंचवीस किलोनं काय होतं, असं कुणी म्हणेल. मी वजनकाट्यावर जाऊन पाहिलं. काटेवाल्याला विनंती करून पुढची चाकं काट्याबाहेर ठेवली आणि फक्त मागचा एक्सल तोलला. साठ घड भरले होते, म्हणजे कागदावरचे तेराशे किलो. मागे आले १७९०. एका चाकावर ८९५. म्हणजे नियमात राहून भरलं तरी रुंद टायरला श्वास घ्यायला तीस किलोच उरत होते, तेही गाडी उभी असताना. रस्त्यावर खड्डा आला, वळण आलं की एका चाकावर कितीतरी जास्त जातं. आणि साहेब, आपण दोघंही खान्देशातले, साठ घडांवर कोण थांबतं? रॅकची वेळ जवळ आली की ऐंशी-नव्वद घड चढतात. मीही चढवले आहेत. त्याचं वजन मी तोललं नाही, तोलायचा धीर झाला नाही.

मे महिन्यात बऱ्हाणपूर रस्त्याला मागच्या डाव्या टायरला बाजूनं फुगा आला. नारळाएवढा नव्हे, लिंबाएवढा, पण होता. दुपारचे दोन वाजलेले, वर पंचेचाळीसच्या पुढचं ऊन, डांबर मऊ पडलेलं. टायरला हात लावला तर तव्यासारखा. कमी हवेचा टायर वजनाखाली फिरताना प्रत्येक फेऱ्याला दबतो, सुटतो, दबतो, सुटतो, आणि त्या मळण्यातूनच आत उष्णता धरतो. आतले थर सुटायला लागले की असा फुगा येतो. स्टेपनी जुन्या मापाची होती. एका बाजूला मोठं चाक, एका बाजूला लहान, अशी गाडी तीस किलोमीटर लंगडत आणली. घड उन्हानं काळे पडले, व्यापाऱ्यानं भाव पाडला. तो हिशेब इथं नको.

पावसाळ्यात दुसरी गंमत. जुलैत जळगावहून गाडी रिकामी घेऊन येत होतो. नशिराबादच्या अलीकडे चौपदरीवर पाण्याचा पातळ थर होता. वेग सत्तरच्या आत. अचानक स्टेअरिंग हलकं झालं, इतकं हलकं की हातात काहीच नाही असं वाटलं. गाडी सरळ जात होती, पण तिला मी नेत नव्हतो. दोन-तीन सेकंदांचाच खेळ. ब्रेकला पाय लावला नाही म्हणून वाचलो. टायर रुंद, त्यात हवा कमी, गाडी रिकामी. अशा वेळी टायरला पाणी फाडून खाली डांबरापर्यंत जाता येत नाही, तो पाण्यावरच चढतो. अरुंद टायर तेच पाणी चिरत जातो. यात रुंद टायरचा गुन्हा असा काही नाही, त्याचा तो स्वभावच आहे.

यानंतर मला खाज सुटली की टायर जमिनीला खरंच किती चिकटतो ते पाहू. हा प्रयोग कुणालाही करता येतो, म्हणून सविस्तर सांगतो. खळ्यातल्या सिमेंटच्या ओट्यावर गाडी घेतली. रिकामी. पुढचं डावं चाक जॅकवर उचललं. टायरला जळकं ऑइल पुसलं, आणि खाली आपल्या पेपराचं पान पसरलं (रविवारचं, जाहिरातीचं, बातमीचं नव्हे). जॅक सोडला, चाक पानावर टेकवलं, परत उचललं. ठसा उमटला. हवा ३५ होती. रुंद टायरचा ठसा अठरा सेंटिमीटर रुंद आणि दहा लांब. मग स्टेपनीतला जुन्या मापाचा टायर लावून तसंच केलं, हवा तीच ३५. ठसा साडेसोळा रुंद आणि अकरा लांब.

गुणाकार करा. एक एकशे ऐंशी, दुसरा एकशे साडेएक्याऐंशी. मी दोनदा मोजलं, मुलानं तिसऱ्यांदा मोजलं. जमिनीला टेकणारी जागा तेवढीच. रुंदीला जे मिळालं ते लांबीतून गेलं. कारण गाडीचं वजन आतली हवा पेलते. वजन तेच आणि हवेचा दाब तोच, मग टेकायला लागणारी जागाही जवळपास तेवढीच राहणार. टायरचं रबर त्यात थोडंफार इकडेतिकडे करतं, बास.

मग त्याच अरुंद टायरमधली हवा वीसवर आणली आणि तिसरा ठसा घेतला. अकराची लांबी पंधराच्या पुढे गेली. चार टायरांचे हजारो रुपये घालून जे मिळालं नव्हतं ते व्हॉल्व्हची पिन दाबून फुकट मिळालं. मुलगा हसला. मला हसू आलं नाही.

हे पाहिलं आणि मला आमच्या वडिलांची बैलगाडी आठवली. लाकडी चाक माझ्या छातीला लागायचं, आणि त्यावर लोखंडी धाव जेमतेम दोन इंच रुंद. धाव बसवायचा दिवस म्हणजे सण असायचा. लोहार गोवऱ्यांच्या आरात ते कडं लालबुंद करायचा, दोघं-तिघं सांडशीनं उचलून चाकावर ठेवायचे, लाकूड धुरायचं, आणि आम्ही पोरं घागरीनं पाणी ओतायचो. च्यार्र आवाज येऊन धाव आवळली जायची, चाकाचे सांधे करकचून बसायचे. ती धाव काळ्या मातीत सुरीसारखी शिरायची. पावसाळ्यात शेतरस्त्याला ज्या गुडघाभर चाकोऱ्या पडायच्या त्या तिच्याच. पुढे वडिलांनी रबरी टायरची गाडी घेतली, आमच्याकडे तिला डनलॉपची गाडी म्हणत. त्याच बैलांनी जवळपास दुप्पट ओझं ओढलं आणि रस्ता कमी फाटला. तेव्हा मी रुंद चाकाच्या विरोधात आहे असं समजू नका. वडिलांनी दोन इंचावरून सहा इंचावर उडी मारली, आणि लोखंडावरून हवेवर आले. तो फायदा मुख्यतः हवेचा. सहावरून सात इंचावर जाऊन परत तोच फायदा मिळेल असं आपल्याला वाटतं.

आता आपला फोटो.

त्या ठिकाणची माती ज्यानं नांगरली आहे त्याला ठाऊक आहे. आमच्या तालुक्यात उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याला, पाल गावाकडे, वर माती आणि खाली गोटे-खडे. तिथे पाऊस पडला तर अरुंद टायरच बरा. तो वरचा चार बोटं चिखल कापून खाली जातो, त्याला खड्यांचा पाय मिळतो, गाडी निघते. रुंद टायर तिथे चिखलावरच घसरत बसतो. दक्षिणेला तापीकडे या, तिथे विहीर खणताना कितीतरी हात नुसती माती लागते. भिजली की ती फुगते, टायरच्या खाचांत चिकटून बसते, आणि दहा पावलांत खोल खाचांचा बटण टायरसुद्धा गुळगुळीत होतो, लोण्यात लाटणं फिरवल्यासारखा. तिथे अरुंद टायर खाली जाऊन काय शोधणार? खाली काही नाहीच. अशा ठिकाणी थोडी तरी आशा आहे ती हवा कमी करून, रिकाम्या गाडीला. भरलेल्या गाडीला तीही नाही. आणि आपला धंदा असा की मळ्यात गाडी रिकामी जाते आणि भरून निघते. जाताना काही वाटत नाही. रुतते ती येताना.

त्या दिवशी रात्री पाऊस झाला होता. सकाळी त्याच रस्त्यानं ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चार फेऱ्या झाल्या होत्या. त्यांच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पडल्या आणि मध्ये वरंबा उभा राहिला. पिकअप सत्तरेक घड भरून त्या चाकोऱ्यांत उतरली. मी गाडीखाली उताणा पडून पाहिलंय, म्हणून खात्रीनं सांगतो. मागच्या एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा त्या वरंब्यावर टेकला होता. गाडी चाकांवर उभी नव्हतीच, गोळ्यावर बसली होती. अशा वेळी चाकाला २१५ लावा नाहीतर ३१५, ते हवेत गरगरणार. वर ड्रायव्हर पोरगा घाबरून रेस देत होता, चाकं आणखी खाली जात होती. २३५ चा टायर असता तर गोळा किती वर आला असता? व्यासात तीस मिलीमीटरचा फरक, म्हणजे उंचीत पंधरा. बोटाची जाडी. वरंबा वीतभर होता.

चाळीस घड उतरवले, दोघांनी फावड्यानं मधला वरंबा फोडला, मागच्या टायरमधली हवा पंचवीसवर आणली, मग ट्रॅक्टरनं एका ओढीत काढली. डांबरी रस्त्यावर आल्याबरोबर पंपानं परत हवा भरली, मगच घड चढवले. ही शेवटची गोष्ट आमच्यात दहातले आठ जण करत नाहीत. कमी हवेवर भरून रस्त्यावर पळवलं की माझ्यासारखा फुगा येणार. आपला फोटोग्राफर हे सगळं व्हायच्या आधीच फोटो काढून निघून गेला होता. त्यालाही दुसरीकडे जायचं असेल.

त्या रस्त्याबद्दल दोन शब्द. शेत-पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आली. आमच्या शिवाराचं प्रकरण कुठल्या कार्यालयात कुठल्या टेबलावर आहे ते मला माहीत आहे, पण लिहीत नाही, कारण त्या टेबलापुढे मला परत उभं राहायचं आहे. एवढंच सांगतो की त्या फोटोखाली 'खडी नसलेल्या रस्त्यामुळे' असं छापलं असतं तर ते बरोबर ठरलं असतं.

पुतण्याचं ऐकाल तर तो माझ्याही पुढे गेलाय. दोन वर्षांपूर्वी त्यानं २६५/७० टायर आणि आठ इंची रुंद रिमा घातल्या, तेही अशा की चाक मडगार्डच्या चार बोटं बाहेर. दिसायला खरंच रुबाबदार. पण पूर्ण वळवलं की पुढचा टायर मडगार्डला घासायचा, तिथे त्यानं पत्रा कापला. स्टेअरिंग एवढं जड झालं की रिव्हर्स घेताना तो सीटवरून अर्धा उठायचा. चाक जेवढं बाहेर जातं तेवढं बेरिंगवर तिरपं वजन येतं. सहा महिन्यांत पुढच्या बेरिंगनं गुणगुणायला सुरुवात केली, एकदा बदललं, मग परत. चिखल मडगार्डच्या आत न राहता दारावर, आरशावर, मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर. त्याबद्दल दोनदा शिव्या खाल्ल्या, एकदा मार खाता खाता राहिला.

आणि पासिंगला गाडी परत पाठवली. मालगाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी पासिंग असतं, त्यानंतर दरवर्षी. तिथल्या साहेबांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून दाखवलं. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, मूळ माप घालून या म्हणाले. मग रात्री आला माझ्याकडे, "काका, एक दिवसापुरते तुमचे चार टायर द्या." दिले. चूक की बरोबर ते माहीत नाही, पुतण्या आहे. संध्याकाळी परत मागून घेतले, तेव्हा तोंड वाकडं केलं. तोच आता आपला फोटो मला दाखवतो.

कुणाला रुंद टायर नकोच असं मी म्हणत नाही. माझे साडू अमळनेरकडचे. उन्हाळ्यात तापीच्या पात्रातल्या डांगरवाड्यांमधून टरबूज-डांगर (डांगर म्हणजे खरबूज) काढून आणतात. कोरड्या वाळूत अरुंद टायर जागच्या जागी खड्डा खणतो. साडूंकडे रुंद टायर आहेत, ते हवा अठरा-वीसवर आणतात आणि पात्रात अलगद जातात. मी गाडीत बसून पाहिलंय, ब्रेक न लावता, रेस न देता, पाण्यातल्या होडीसारखी नेतात. त्यांना मी माझे टायर विकायला काढले तेव्हा म्हणाले, "वाळूमा जावाले बरा शे भो, पन घड भरीसन डांबरवर नको." आणि घेतले नाहीत, कारण त्यांच्या गाडीला माप वेगळं. ज्याची गाडी बहुतेक हलकी चालते, माणसं किंवा हलका माल नेते, त्यानं थोडा रुंद टायर घातला तर कोरड्या रस्त्यावर बसायला आरामाची, वळणाला धरून चालते, हेही खरं. केळीवाल्याचं काम वेगळं आहे.

मी २०२२ च्या उन्हाळ्यानंतर परत २१५/७५ वर आलो, एलटीचेच. घेताना दुकानदाराला आधी तारीख दाखवायला लावली. टायरच्या बाजूला अंडाकार चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. १४२२ म्हणजे २०२२ चा चौदावा आठवडा. पहिल्यांदा त्यानं काढलेल्या टायरवर १९१८ होतं, चार वर्षं गोदामात पडलेला. परत ठेवायला लावला. हवेचं माप ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावर असतं, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचं वेगवेगळं. माझ्या गाडीचा तो कागद धुऊन धुऊन पांढरा झाला होता. शोरूमला जाऊन आकडे विचारून आलो आणि ऑइलपेंटनं दारावर लिहून ठेवले. आता हवा भरणाऱ्या पोराला मी काही सांगत नाही, दार उघडून दाखवतो.

काढलेले रुंद टायर दोन वर्षं खळ्यात लिंबाखाली पडून होते. पावसाळ्यात त्यांत पाणी साचलं. आरोग्याच्या कामाच्या आशाताई घरोघर फिरत आल्या, टायर उलटे केले, आतल्या डासांच्या अळ्या दाखवल्या आणि मला सगळ्या गल्लीदेखत बोलल्या. मग टायरांना भोकं पाडून घेतली.

आपल्याकडे एकच विनंती. त्या फोटोखालची ओळ चुकली होती, एवढं चार ओळींत छापा. पोरं पेपरातलं खरं मानतात. गाड्यांच्या पानावर आपण लाखोंच्या मोटारींची माहिती देता, ती वाचायलाही मजा येते. कधीतरी अर्धा रकाना मालगाडीच्या टायरच्या बाजूवरचे आकडे कसे वाचायचे यासाठीही द्या. आमच्या भागात प्रत्येक गल्लीत एक पिकअप उभी असते.

पत्रासोबत ते तीन ठसे उमटलेली पानं घडी करून पाठवत आहे. प्रत्येकावर हवेचा आकडा पेन्सिलीनं लिहिला आहे. जळक्या ऑइलची आहेत, टेबलावर उघडू नका, खाली काहीतरी अंथरून घ्या.

आपला,
एक पिकअपवाला
ता. रावेर, जि. जळगाव